वाढव

मी कडक भाकरी थापायच्या कामाला जाते. तिथल्या बायका दिवसभर बोलतात, मी गप्प असते. "तोंडात पीठ धरलीस काय गं?" म्हणून हसतात. शेजारणीनं मला जुळे सोलापूर भागातल्या एका फ्लॅटवर बैठकीला नेलं. तिथं कुणी हसलं नाही. ज्यांना सगळे आई म्हणतात त्या बाईंनी माझी हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "हिला न बोलता कळतं." चौथीत शाळा सुटल्यापासून मला एवढं चांगलं कुणी म्हटलं नव्हतं. घरी येऊन मी रडले.

बैठकीत 'नाही' म्हणायचं नसे. 'संपलं', 'बंद' हेही नाही. आपण बांगडी फुटली की 'वाढवली' म्हणतो, नारळ वाढवला म्हणतो, तिथं सगळंच तसं. कुणी नोकरी सोडली, तर नोकरी वाढवली. कुणी माहेर तोडलं, तर माहेर वाढवलं. मला ते गोड वाटायचं.

माझ्या मुलीला फिट येते. सकाळ-संध्याकाळ गोळी असते. एका बैठकीत आई म्हणाल्या, "लेकीच्या गोळ्या वाढव." मला कळलं. मी "जी" म्हणाले. कुणी माझा हात धरला नव्हता. गोळ्यांचं पाकीट मीच ज्वारीच्या डब्यात तळाशी दडवलं.

"माझी गोळी कुटं हाय?" मुलीनं विचारलं.

"वाढली," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी ती मोरीत पडली. दात घट्ट मिटलेले, ओठ निळे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? मी सोबत आलेल्या शेजारणीकडं बघितलं. तिनं आईंना फोन लावला, स्पीकरवर.

"मी तर वाढव म्हणाले. म्हणजे जास्त दे. हिनं उलटं केलं गं."

"व्हय की," शेजारीण माझ्याकडं बघत म्हणाली. "वाढवच म्हणाल्या. मी ऐकलंय."

आणि मला ते खरं वाटलं. मुलगी पलंगावर बेशुद्ध होती, आणि मी फोनपुढं हात जोडून म्हणत होते, "माझंच चुकलं, आई."

मुलगी वाचली. गोळ्या घेते. पाकीट आता तिच्या दप्तरात असतं, माझ्या हातात देत नाही. बरंच करते.

काल दुपारी शेजारीण दारात आली. "आई तुझी आठवण काढत हुत्या. रागावल्या न्हाईत गं. येतीस की?"

रागावल्या नाहीत, हे ऐकून अंग हलकं झालं. त्याचीच मला फार भीती वाटली. 'नाही' तोंडातून निघेना. मी दार लावलं आणि कडी धरून उभी राहिले. ती जिना उतरेपर्यंत मला माझ्याच हाताचा भरवसा नव्हता.