तिरळा हत्ती

आमचा चितारी ब्रश कानामागे खोचायचा, दोन पावलं मागे सरायचा आणि म्हणायचा, "अजून आंधळा आहे." म्हणजे हत्तीचा डोळा राहिलाय. म्हणजे चहा आणा.

बनारसला लग्नघराच्या दाराशी भिंतीवर हत्ती काढतात, तुम्हीही पाहिले असतील. संकठा घाटाकडच्या आमच्या गल्लीत ते हाच काढायचा. आणि दिवाळीआधी बादली घेऊन यायचा, आपल्याच हत्तींवर चुना मारायचा. आमच्या मराठी घरांत वावरून मराठी शिकला होता, मोडकीतोडकी.

मी पिठाची चक्की चालवणारा माणूस. चौथीत शाळा सुटली. एकदा तोंडावर विचारलं, "पुसायचाच आहे तर काढतोस कशाला रे?"

"काका, घरात शादी आहे हे घरवाल्यांनाच पटत नाही. मुलगी जाणार, कसं पटणार? दारात हत्ती उभा राहिला की पटतं."

"मग राहू दे की उभा."

"शादी झाली ना. किती दिवस उभा राहणार बिचारा?"

आमच्या मुलीचं लग्न वैशाखात झालं. तेव्हा चहा पिऊन झाला तरी ह्याचा डोळा होईना, नुसता बघत बसला. बायको कणकेचे हात पुसत आली, त्याच्या कानामागचा ब्रश ओढला आणि डोळा काढून मोकळी झाली.

"काकी, हा तर तिरळा झाला!"

"असू दे. तुझ्या काकांसारखा दिसतो."

त्याने तो सुधारला नाही.

श्रावणात बायको गेली. ताप आला, चार दिवसांत खेळ संपला. तेरावा झाला, मी चक्की उघडली. दुपारी जेवायची हाक येईल म्हणून थांबायचो.

दिवाळीच्या तोंडावर हा बादली घेऊन हजर.

"यंदा आमच्याकडे दिवाळी नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"ती गेली हे मला पटत नाही. लग्नाला हत्ती काढतोस. ह्याला काय काढतात?"

त्याने कुंचा चुन्यात बुडवला. सोंड गेली, झूल गेली, पाय गेले. डोळ्यापाशी हात हळू झाला. भिंत सगळी पांढरी, आणि वर तो एकटा तिरळा डोळा.

सवयीने तो दोन पावलं मागे सरला. चहा घेऊन कोणी आलं नाही.

तेव्हा पटलं. मी दारातच बसून रडलो, मोठ्याने. तो बादली धूत राहिला.

पुढच्या वर्षी तो आला नाही. कोणी म्हणतं गावी गेला, कोणी म्हणतं मेला. लग्नघरं आता छापील गणपती चिकटवतात.

चुना मीच मारतो. हात माझा जड. दरवर्षी डोळ्याची कड थोडी जातेच. यंदा हरभऱ्याएवढा उरलाय.