गोलकीची जागा

निजामाच्या राज्यात मुरुमला आमचा फुटबॉलचा क्लब होता. उन्हाळ्यात बाहेरगावचे कोणते खेळाडू आणायचे, यावर सायकलवाल्याच्या दुकानात वाद रंगायचे. चेंडूत हवा तोच भरायचा. दुकानात असो की मैदानाच्या कडेला, तो बसला की शेजारी पंचा अंथरायचा आणि त्यावर कुणाला बसू द्यायचा नाही.

पुढच्या फळीसाठी तो तावातावानं भांडायचा. "गुलबर्ग्याचा डावखुरा आणा, लई पळतो!" पण गोलकीचा विषय निघाला की पंपावरचा हात थांबायचा.

"गोलकी हाय की आपल्याला."

आमचा गोलकी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. आदल्या साली तो पटकीनं गेला होता.

शेवटी आम्ही सायकलवाल्याला न विचारताच उमरग्याहून नवा गोलकी आणला. त्या पोराला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पहिल्याच सरावाला तो एका खांबाला चिकटून उभा राहिला.

"मधी सरक की!" मी ओरडलो.

"कसा सरकू? मधी ते उभे हायेत न्हवं!"

मी कडेला बसलेल्या सायकलवाल्याकडं पाहिलं. तो हसत होता. शेजारची जमीन मोकळी होती. पंचा आज त्याच्या खांद्यावर होता.