सांबराचं शिंग कुठं पडतं

आमच्या शेजारचे वकीलसाहेब दर उन्हाळ्यात मेळघाटच्या पायथ्याशी सांबराची गळालेली शिंगं शोधायला जातात. मी शाळामास्तर, मला सुट्टी असते, म्हणून मलाही ओढतात.

शिंग नेमकं कुठं पडतं, यावर त्यांचा युक्तिवाद अमरावतीहून परतवाड्यापर्यंत पुरतो. सांबर नाल्यावरून उडी मारतं, तिथं हिसका बसतो, म्हणून शिंग तिथंच पडणार. तिथं ते आजवर कधी पडलेलं नाही. मग गुराखी दिसला की उलटतपासणी.

“सांबर डाव्या अंगानं आलं का उजव्या? इचार करून सांग.”

“साहेब, मी म्हशी पाहून राहिलो होतो.”

साहेब माझ्याकडं वळून म्हणतात, “फुटला साक्षीदार.”

यंदा गाडीतून उतरताच मी लघवीला करवंदीच्या जाळीमागं गेलो आणि शिंगाला अडखळलो. चांगलं हातभर लांब शिंग. हाक मारली. साहेब आले, त्यांनी चष्मा पुसला, शिंगावरून हळूच बोट फिरवलं आणि त्यावर सागाची वाळली पानं लोटायला लागले.

“काहून?”

“घरी नेनं गुन्हा हाय. मी वकील आहो, मास्तर.”

“मंग इतके उन्हाळे आपण काय करून राहिलो?”

साहेबांनी आणखी मूठभर पानं लोटली. गाडीत बसेपर्यंत ते वळून वळून त्या जाळीकडं पाहत होते. मला वाटलं, माणूस गहिवरला.

परतवाड्याला चहा बशीत ओतत ते म्हणाले, “पुढच्या वर्षी मी एकटाच जातो म्हणतो, मास्तर. तुमाले लगेच सापडून जाते.”