काचेवरची लाख

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, देवापाशी नाही — त्याला ठाऊक असेल तर असो, मी होऊन सांगितलेलं नाही. दुसरीपर्यंत शिकलेला माणूस मी. अक्षर वाकडं येईल. खोटं येणार नाही. ते एकदा बोलून झालंय.

लढाई नुकती संपली होती. मी सातारा–महाबळेश्वर मोटार चालवायचो. पेट्रोल मिळत नव्हतं. गाडीला मागं कोळशाची भट्टी, तिच्या गॅसवर इंजिन चालायचं — घाट आला की दमेकऱ्यासारखं धापा टाकायचं. वळणावर गाडी अडली की क्लीनर बापू उडी मारून मागच्या डाव्या चाकाला दगड लावायचा, दगड काढला की "सोड" म्हणून ओरडायचा. ते चाक मला बसल्या जागेवरून दिसत नसे. पण कधी चुकलं नव्हतं.

मग माझा मेहुणा दत्तू पलटणीतून परत आला. तिकडं लॉऱ्या दुरुस्त करायचा, म्हणून मालकानं फिटर ठेवला. त्यानं काय करावं? विट्याच्या सोनाराकडून लाख आणली, समोरच्या काचेच्या डाव्या कडेला बाहेरून पितळी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर आरसा बसवला. चौकटीचं लाकूड कुजलेलं, स्क्रू धरत नव्हता. आरशात ते चाक दिसे, चाकाशी वाकलेला बापू दिसे. दत्तूनं बापूला बजावलं — आता घसा फोडू नको, नुसता हात कर, दाजींना दिसतंय.

मी म्हटलं, मला नको. मला मान हाय. तर स्टँडवर चारचौघांत म्हणाला, "दाजी, तुमची मान बैलाची हाय. आरशात बघा तरी, शिंगं कुठवर आली ती."

माणसं हसली. बापूही हसला. एवढ्यावर कुणी डोकं फिरवून घेतं का? मी घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू टपावर सामान बांधत होता. भट्टीत सळई तापवली आणि पट्टीवर टेकवत गेलो — जरा धरायची, जरा उचलायची. एकदम धरली तर काच तडकेल, आणि काच तेव्हा होती कुठं बाजारात? बाळंतिणीला शेक द्यावा तसा शेक दिला. लाख मऊ झाली, वास सुटला. पट्टी आणि काच यांच्यामध्ये तार घातली, करवतीसारखी ओढली. आरसा हातात आला. काचेवर चरा नाही, नुसता लाखेचा तांबडा डाग. छाती फुगली माझी. चिंधीत गुंडाळून सीटखाली टाकला. बापूला सांगितलं नाही. परत आल्यावर सगळ्यांदेखत दत्तूच्या हातात देणार होतो — घे तुझं खेळणं.

म्हणजे सकाळी मी चोर नव्हतो. चोर दुपारी झालो.

पसरणीच्या घाटात गाडी अडली. बापू उतरला. वळण घ्यायला गाडी जरा मागं सोडायची होती. मी "सोड"ची वाट बघत बसलो — हाक येईना. गॅस संपत आलेला, माणसं कुरकुरायला लागली. खाली उतरून बघायला काय झालं होतं? पण उतरलो असतो तर मानेनं दिसत नाही, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हटलं, दगड काढून झाला असेल. ब्रेक सोडला.

बापू हात वर करून थांब म्हणत होता. आरशाला. आरसा माझ्या सीटखाली.

लोक बापूला उचलत होते तेव्हा मी काय केलं? चिंधी दरीत फेकली. ते मी केलं. पुढं बापूचं पाऊल घोट्यापासून काढावं लागलं.

मालकानं विचारलं, आरसा कुठाय? मी म्हटलं, उन्हानं लाख सुटली, वाटेत कुठं पडला बघितलं नाही. दत्तू तिथंच उभा होता. तो काचेवरच्या डागावर बोट फिरवत राहिला.

"दाजी, लाख मी चांगली तापवून बसवली व्हती."

त्यानं माझ्याकडं बघितलं. बहिणीचा नवरा खोटं कशाला बोलेल?

"आसंल," म्हणाला. "कच्ची राह्यली आसंल माझीच."

शिव्या का नाही घातल्या त्यानं मला? अजून राग येतो त्या माणसाचा — इतकं सरळ असावं का कुणी? मालकानं त्याला काढला. तो वाळव्याकडं गावी गेला, ऊस लावला. दरसाल गुऱ्हाळ झालं की गुळाची पहिली ढेप घेऊन कुबडीवरच्या बापूच्या दारात जायचा. बापू म्हणायचा, आता पुरं कर गड्या. हा ऐकायचा नाही. मुक्काम आमच्या घरी. जाताना आमचाही वाटा ठेवायचा.

दोघंही गेले. आता दत्तूचा पोरगा बापूच्या पोराला ढेप नेऊन देतो. आमच्या म्हाताऱ्याची चूक हाय, म्हणतो.

औंदाही आला होता. तो गेल्यावर बायकोनं नेहमीचं बोलून घेतलं — "माज्या भावाच्या हातनं एका माणसाचा पाय गेला." मग भाकरीवर गुळाचा खडा ठेवून ताट माझ्यापुढं सरकवलं. मी खाल्ला. गोड होता.

तिला वाचता येत नाही. म्हणून लिहिलं. बोललो नाही.