हत्ती कोण होणार

चित्रांच्या पुस्तकात वाघाची शेळीशी दोस्ती झाली तर मुलांना त्यात काही नवल वाटत नाही. नवल वाटतं ते मोठ्यांना. पण पुस्तकं विकत घेतात मोठी माणसंच, म्हणून आमच्या शिशुवर्गाचं कपाट असल्या जोड्यांनी भरलेलं आहे. बगळा आणि कासव, मांजर आणि उंदीर, अस्वल आणि मधमाशी. मलाही ती पुस्तकं फार आवडायची. आता त्यातलं एक पुस्तक मात्र मी वर्गात काढत नाही.

परळच्या एका मराठी शाळेत मी बरीच वर्षं शिकवते आहे. गेल्या वर्षी माझ्या मोठ्या शिशूत दोन मुली होत्या. नावं सांगत नाही. एक लालबागची, चाळीत राहणारी, तिची आई हिंदमाताला साड्यांच्या दुकानात कामाला. दुसरी नायगावची, वडील पोलिसात. लालबागची अंगाने चांगली भरलेली, नायगावची म्हणजे नुसती काडी. दोघींचं मेतकूट असं, की एकीला शू लागली की दुसरीलाही लागायचीच. मधल्या सुट्टीत लालबागची नायगावचीला पाठुंगळी घेऊन व्हरांडाभर पळायची. मग तिला खाली उतरवून म्हणायची, आता तू मला घे. ती बिचारी लगेच वाकायची, दोघी धपकन पडायच्या, हसून हसून बेजार व्हायच्या, आणि परत पहिल्यापासून सुरू. आपल्याला हिला उचलता येणार नाही, हे नायगावचीच्या डोक्यात कधी आलंच नाही. लालबागचीच्याही नाही. मी रोज बघत होते, आणि तरी मला ते दिसलं नाही.

स्नेहसंमेलनासाठी मी हत्ती आणि चिमणीचं पुस्तक निवडलं. चिमणी पायाखाली येऊ नये म्हणून त्यातला हत्ती प्रत्येक पाऊल खाली बघून टाकतो, आणि शेवटी सगळं जंगल म्हणतं, एवढा मोठा, एवढीशी छोटी, तरी केवढी मैत्री. हत्ती कोण होणार हे ठरवायला मला एक मिनिटही लागलं नाही. आयती जोडी मिळाली म्हणून स्टाफरूममध्ये मी मिरवूनही आले.

कपडे गिरगावातल्या नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून आले. हत्तीच्या झग्यात पोटाशी कापसाची एक उशी होती, नाड्यांनी बांधायची. शाळेच्या मावशी ती बांधायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "ती काढा हो. हिला कशाला उशी, ही घरूनच घेऊन आली आहे."

मावशी हसल्या. मदतीला आलेल्या दोन आया हसल्या. लालबागचीने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग तीही हसली. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि सशाची शेपटी शिवायला वळले. माझी जीभ अशीच आहे. बाई फार विनोदी आहेत, असं लोक म्हणतात, आणि इतकी वर्षं मी ते कौतुक समजत आले.

काम तिने सुंदर केलं. ती रंगमंचावर आली तेव्हा लोक खूप हसले, पण ती डगमगली नाही. खाली बघत, एकेक पाऊल जपून टाकत चिमणीपर्यंत गेली. तिची मालवणी आजी नातीकडे बघत मला हाताला धरून म्हणाली, "गणपतीसारखां दिसता माझां चेडू." मला भरून आलं. तेव्हा अभिमानानेच.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत व्हरांडा शांत असायला लागला. नायगावची वाकून उभी राहायची, पण लालबागची तिच्या पाठीवर बसायची नाही आणि तिला पाठुंगळीही घ्यायची नाही. नायगावची जवळ येऊन बसली की ही सरकायची. डबा अर्धा ठेवायची. चालताना खाली बघायची. मला वाटलं, नाटकाची सवय आहे, जाईल. गेली नाही, तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन विचारलं. ती माझ्या मांडीवरही पुरती टेकली नव्हती.

"माझा पाय पडला तर ती मरेल ना, बाई."

ती गोष्ट होती, तू काही हत्ती नाहीस, असं मी तिला दहादा समजावलं. ती मान डोलवत राहिली. त्या दोघींना मैत्री शिकवायची काही गरजच नव्हती. त्यांना ठाऊक नव्हतं ते एकच, की आपल्यातली एक मोठी आहे आणि एक लहान. ते मी शिकवलं. ढोल वाजवून, कपडे घालून, चारशे माणसांसमोर.

मार्चमध्ये तिची आई मुद्दाम दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून आली, आभार मानायला. पोरगी किती शहाणी झाली म्हणाली, आधी दोन-दोनदा भात मागायची, आता अर्ध्या चपातीवर उठते, धिंगाणा म्हणून घालत नाही. तिला सगळं सांगून टाकायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोरचा माणूस हात जोडून उभा असला की खरं बोलणं जड जातं, निदान मला तरी गेलं. मी म्हटलं, छान. नुसतं छान.

जूनमध्ये दोघी पहिलीत गेल्या, एकाच तुकडीत. पहिल्याच आठवड्यात नायगावची एकटी माझ्या वर्गाच्या दाराशी आली. म्हणाली, ती माझ्याजवळ बसत नाही, माझ्याशी खेळत नाही. मग विचारलं, "मी काय केलं, बाई?"

इतके महिने हिचा विचारच मी केला नव्हता. मी तिला सांगितलं, तू काही केलं नाहीस, केलं ते मी.

तिने थोडा विचार केला. "मग तुम्हीच नीट करा ना." करते, म्हटलं मी.

दुसऱ्या दिवशी मी लालबागचीला बाजूला घेऊन माफी मागितली. माझं चुकलं, म्हटलं, मी तुला हत्ती करायला नको होतं. बाई माफी मागतात हे काय तिला कळणार? तिला वाटलं, कोणीतरी तिची तक्रार केली आहे. ती दोन पावलं मागे सरली आणि घाईघाईने म्हणाली, "मी कोणाला पाडलं नाही, बाई. मी लांबच बसते."

नायगावची अजून मधल्या सुट्टीत येते. दाराला धरून उभी राहते आणि विचारते, केलंत का. अजून नाही, म्हणते मी. ती बरं म्हणते आणि जाते, आणि उद्या परत येते, कारण बाईंनी करते म्हटलं म्हणजे बाई करणार, असं तिला वाटतं.