बर्फाचा अंदाज

लेकीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी फोनवर दोनच गावांचं हवामान बघत होते. एक आमची दुबई. तिथे सगळे दिवस सूर्याचं चित्र. दुसरं होणाऱ्या जावयाचं गाव, इंग्लंडच्या पार उत्तरेला. तिथे रोज ढग आणि ढगाखाली पांढरे ठिपके. इतकी वर्षं मला दोनच हवामानं माहीत होती: एक गरम आणि दुसरं एसी बंद पडल्यावरचं. आता चहाच्या आधी मी तिकडचा पारा बघायला लागले. शून्याच्या थोडा वर राहिला तर नुसता पाऊस, थोडा खाली गेला तर बर्फ. आणि बर्फ पडला की विमानं बंद.

नवरा मुलगा चोवीस डिसेंबरला रात्री निघून पंचवीसला सकाळी उतरणार होता. त्याच दिवशी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. "जरा आधी यायला काय होतं याला?" मी म्हटलं की लेकीचं उत्तर ठरलेलं, "ही हॅज नो लीव्ह, आई."

तिकडच्या लोकांचं मेलं सगळंच उलटं. नाताळला बर्फ पडावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात, वर त्यावर पैजाही लावतात! लेकीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी तिला सांगायच्या, लकी आहे तुझा नवरा, व्हाइट ख्रिसमस बघून येणार. माझा इकडे जीव टांगणीला.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," मी एकदा चिडून बोलले. "लहानपणी कढई खरवडून खायचीस ना? सांगत होते, लग्नात पाऊस पडतो म्हणून. घे आता, बर्फच!" एरवी ती हसली असती. त्या दिवशी उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, पोरगी घाबरलीय.

चोवीसला संध्याकाळी ठिपके गेले. नुसते थेंब राहिले. मी देवापुढे साखर ठेवली.

पंचवीसला सकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटमध्ये बायका जमल्या. लेक पिवळी साडी नेसून पाटावर बसली. मुलाचे आईवडील दुबईतच ऊद मेथाला नातेवाइकांकडे उतरले होते. तिथे त्याला आधी हळद लागणार आणि त्यातली उष्टी हळद वाटीतून आमच्याकडे येणार, मग हिला लावायची. हे विमानतळावर त्याला आणायला गेले होते.

तेवढ्यात लेकीच्या फोनवर त्याचा मेसेज आला. हेवी स्नो, फ्लाइट कॅन्सल्ड, सॉरी, उद्याचं बघतो.

"अगं बाई! रात्रीत पडला वाटतं," मी म्हटलं. अंदाजच तो, चुकतो कधी कधी. मी ह्यांना परत बोलवायला फोन केला.

"अगं, पण बोर्डावर त्याचं विमान लँडेड दाखवतंय," हे म्हणाले. "माणसं बाहेर यायला लागलीत."

"दुसरं कुठलं तरी असेल. आधी चष्मा लावा तुम्ही!"

"चष्मा लावलाय," हे हळूच म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. त्याच्या गावच्या चौकात एक कॅमेरा आहे, दिवसरात्र चालू असतो, कुणीही फोनवर बघावा. आठवडाभर मी तोही बघत होते. उघडला. तिकडे अजून उजाडायचं होतं. दिव्यांखाली रस्ता ओला, काळाकुट्ट. एक माणूस कुत्र्याला फिरवत होता, साध्या बुटांत. बर्फाचा एक कण नाही. फूटपाथवर नाही, छपरांवर नाही, कुठेच नाही.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. समोर असता तर कानाखाली आवाज काढला असता त्याच्या. मागे लेक येऊन उभी होती. तिने माझ्या हातातला फोन बघितला आणि म्हणाली, "आय नो, आई."

"काय नो? कधीपासून?"

"आठवडाभर ही ओन्ली टॉक्ड अबाउट स्नो. लग्नाबद्दल नॉट अ वर्ड."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी हळदीची गाणी सुरू केली होती, आणि त्या बायकांना गप्प करायला कुठल्या तोंडाने जाऊ हे मला कळत नव्हतं.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. त्यांचा आवाज रडवेला. "बर्फापुढे कुणाचं काय चालतंय हो? उद्या दुपारपर्यंत येईलच तो. तोवर आम्ही इथे देवाला हळद लावतो आणि तीच उष्टी म्हणून पाठवतो. चालेल ना? माणूस निघालाच आहे वाटी घेऊन."

मी काही बोलायच्या आत लेकीने फोन घेतला. घरात एक वाक्य धड मराठीत न बोलणारी माझी मुलगी अगदी सावकाश, स्पष्ट बोलली.

"काकू, तिथे बर्फ पडलेला नाही. हळद पाठवू नका."