आईच्या अळंबीचा पत्ता

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा पहिला माणूस मी, आणि घराण्याचं तीन पिढ्यांचं गुपित अख्ख्या पुण्याला कळवणारा पहिला माणूसही मीच.

गुपित अळंबीचं. आमची वाडी गुंजवणी धरणाच्या वरच्या अंगाला. श्रावणात दोन दिवस उघडीप मिळाली की रानात वारुळावर पांढरी अळंबी उगवते, पण ठरलेल्या जागीच. ती जागा आजीच्या सासूनं आजीला दाखवली, आजीनं आईला. (पुरुषांना दाखवायची पद्धत नाही. ते पारावर बसून बोलतात म्हणून.) आई फटफटायच्या आत निघायची, ओढ्याकडं चालल्यासारखं दाखवून भलत्याच टेपाडावर चढायची आणि पाटी भरून आणायची. शेजारची रखमाचुलती वीस वर्षं तिच्या मागावर होती. एकदा तिनं अर्धा डोंगर पालथा घातला आणि मिळवलं काय, तर मुरगळलेला पाय. वाडीत आईला जो मान होता तो माझ्या बी.कॉम.मुळे नव्हता, त्या पाटीमुळे होता.

गेल्या श्रावणात आई निसरड्यावरून घसरली. मी म्हणालो, "मोबाईलमध्ये एक ॲप टाकतो. तू कुठं आहेस ते मला घरबसल्या दिसेल."

"तुला कशाला दिसाया पायजे?"

"पडलीबिडलीस तर उचलायला."

"पडले तर वरडन की. माझं वरडलेलं आजवर ऐकू आलं न्हाई व्हय तुला?"

पण शिकलेल्या माणसाला थांबवणार कोण? आईच्या, वडिलांच्या म्हणजे तात्यांच्या आणि माझ्या, तिन्ही मोबाईलमध्ये मी ते चालायचं ॲप टाकलं. त्यानं इंग्रजीत अकरा प्रश्न विचारले. घरात इंग्रजी येणारा मी एकटाच, त्यामुळे एकही न वाचता अकराही वेळा 'होय' दाबायचा अधिकार माझाच.

"एवढं काय काय इचारतंय रं त्ये?"

"तुझ्या भल्याचंच विचारतंय."

"आन तू वाचत का न्हाईस?"

"सवयीनं कळतं, आई."

दुसऱ्याच दिवशी आई पाटी भरून आली. कामथडीला दिलेल्या माझ्या बहिणीला दाखवायला तिनं वारुळावरच अळंबीचा फोटोही काढला होता. घरी बसून मी तिचा निळा ठिपका डोंगर चढताना आणि उतरताना पाहिला, आणि विज्ञानाचा मला अभिमान वाटला. तो ठिपका आणि तो फोटो माझ्याबरोबर आणखी कोण कोण पाहतंय, ते त्या अकरापैकी सातव्या प्रश्नात लिहिलं होतं म्हणे.

रविवारी सकाळी अंगणात रंगीबेरंगी रेनकोट घातलेली दहा-बारा माणसं उभी. पुढची बाई मला म्हणाली, "काका, सुनंदाताईंची वाट इथूनच सुरू होते ना?"

(मी एकतीस वर्षांचा आहे.)

आई बाहेर आली. "म्याच सुनंदा. काय काम हाय?"

"अय्या, तुम्हीच का? काय चालता हो तुम्ही! चढायला दीड तास, उतरायला पन्नास मिनिटं. फक्त मध्ये करवंदीच्या जाळीपाशी बारा मिनिटं थांबला होतात. तिथं काही बघण्यासारखं आहे का?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. रानात बाईमाणूस जाळीमागं कशाला थांबतं, हे आमच्या वाडीत आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

मंडळी वर गेली. त्यांच्या शेपटाला, पाटी डोक्यावर घेऊन, रखमाचुलती. अळंबी बुडखा ठेवून खुडायची असते, ओरबाडली तर जागा मरते असं आजी सांगायची. त्या दिवशी ती ओरबाडली, तुडवली, हातात धरून तिच्याबरोबर फोटो काढले. संध्याकाळी रखमाचुलती वाटी घेऊन आमच्या दारात आली.

"घ्या आक्का. ताजी हाय. तुमाला आवडती न्हवं?"

आईनं वाटी घेतली. कालवण केलं. स्वतः खाल्लं नाही. तीन दिवस माझ्या वाट्याची भाकरी तेवढी जरा जास्तच जोरात थापली. चौथ्या दिवशी मी मान खाली घालून म्हणालो, "ते ॲप काढून टाकतो, आई."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चालू ऱ्हाऊ दे. आन तात्यांच्या मोबाईलवर त्ये कसं बघत्यात, तेवढं शिकीव मला."

मला वाटलं, माफी मिळाली.

यंदाच्या श्रावणात एका पहाटे जाग आली तर आई घरात नव्हती. मोबाईल उघडला. तिचा ठिपका धरणाच्या बाजूला, कधीच न गेलेल्या दिशेनं सरकत होता. मग एका जागी थांबला, तो हलेच ना. नवी जागा! खरं सांगतो, ती पडली असेल ही काळजी माझ्या मनात दुसऱ्या नंबरला आली. पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांना न दाखवलेली जागा मला एकट्याला दिसणार होती. मी बूट चढवले आणि निघालो. दोन तास चिखल तुडवला. मध्ये पोटात कळ आली म्हणून एका जाळीमागं थांबावं लागलं. शेवटी ठिपक्यापाशी पोचलो तर समोर डबकं, डबक्यात आमची चंद्री म्हैस निवांत बसलेली, आणि तिच्या गळ्यात दुधाच्या पिशवीत बांधलेला आईचा मोबाईल.

मागं चिखलात पावलं वाजली. माझ्या मागावर आलेली रखमाचुलती पाटी घेऊन उभी. तिनं म्हशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"माझं ठीक हाय," ती म्हणाली. "म्या अडाणी. तू तर भोरला जाऊन शिकलास की रं."

घरी आलो तर आई ओट्यावर अळंबी निवडत बसलेली. पाटी काठोकाठ भरलेली.

"कुठं गेला हुतास?"

"असाच. पाय मोकळे करायला."

"व्हय, दिसलं," तात्यांचा मोबाईल पदराला पुसत आई म्हणाली. "पर त्या घाणेरीच्या जाळीपाशी सतरा मिनटं काय करत हुतास? पुण्याची लोकं इचारत्यात."